हवालदारांचा अर्ज

फौजेतून निवृत्त होऊन कोणी गावात परतला की त्याचा हुद्दा शिपायाचा असो की नाईकाचा, लोक त्याला 'मेजर'च म्हणतात. काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव आणि नंबर, पहाटे उठण्याची सवय आणि वेळेच्या बाबतीत कडक बोलणे, यावरून मेजर ओळखू येतो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले इंझोरी असो की कोकणातले एखादे गाव, हे चित्र सगळीकडे सारखेच.

शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून घरी येतो तेव्हा त्याचे वय जेमतेम पस्तीस ते चाळीस असते. मुले शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात आणि समोर तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य उभे असते. कोणी बँकेच्या दारात सुरक्षारक्षक होतो, कोणी शेती पाहतो, कोणी किराणा दुकान टाकतो. ही सगळी कष्टाची आणि हलाल कमाई आहे, तिच्यात कमीपणा काहीच नाही. पण गावाला या माणसाकडून आणखी एक गोष्ट मिळू शकते आणि ती बहुतेक वेळा मागितलीच जात नाही. फौजेत राहिलेल्या माणसाला सरकारी कागद वाचता येतो. कोणता अर्ज कोणाकडे करायचा, कोणत्या कागदाची नक्कल जोडायची, उत्तर आले नाही तर स्मरणपत्र कसे पाठवायचे, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. साहेबासमोर ताठ उभे राहून, आवाज न चढवता आपले म्हणणे मांडायची त्याला सवय असते.

या शिकवणीचा उपयोग स्वतःपुरता न करता दुसऱ्यांसाठी केला तर काय घडू शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. ते सव्वाशे वर्षांहून जुने आहे. त्या माणसाचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

कॅम्प दापोली

गोपाळबाबा मूळचे महाडजवळच्या रावढळ गावचे. ज्या समाजाला त्या काळी अस्पृश्य मानले जाई, त्यात त्यांचा जन्म झाला. गावात राहिले असते तर गावकीची कामे आणि उष्टे-शिळे अन्न एवढेच वाट्याला आले असते. ते इंग्रजांच्या मुंबई सैन्यात भरती झाले आणि १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. पेन्शन घेऊन ते दापोलीत राहिले.

दापोली हे इंग्रजांचे जुने लष्करी ठाणे होते. आजही लोक तिला 'कॅम्प दापोली' म्हणतात. छावणी हलली तरी आसपासच्या गावांतले निवृत्त शिपाई तिथे राहत आले. मुंबई सैन्यात तेव्हा मराठे होते, महार होते, दख्खनी मुसलमान होते, कोकणातले बेने इस्रायल यहुदीही होते. पलटणीत जातीपातीचा विचार नव्हता असे म्हणणे खरे होणार नाही. पण एक गोष्ट तिथे होती, जी गावात नव्हती. पलटणीच्या शाळेत शिपायाला आणि त्याच्या मुलांना अक्षर ओळखता येत होते. ज्याच्या बापाने पाटी कधी हातात धरली नव्हती, तो माणूस पलटणीत वाचायला-लिहायला शिकत होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच परंपरेतले. सैन्यातल्या शाळेत ते चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीत राहिले आणि लहानग्या भीमरावांची शाळा दापोलीतच सुरू झाली. तेव्हा दापोलीला नुसते पेन्शनरांचे गाव समजू नये. अस्पृश्य समाजातली वाचणारी-लिहिणारी पहिली पिढी त्या गावाच्या आसपास गोळा झाली होती.

गोपाळबाबांना महिन्याच्या महिन्याला पेन्शन मिळत होती. पोटासाठी कोणापुढे हात पसरण्याची वेळ त्यांच्यावर नव्हती. घरी बसून सुखाने दिवस काढता आले असते. त्यांनी तसे केले नाही. महात्मा जोतिराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. 'दीनबंधु'सारख्या पत्रांतून ते लिहू लागले. 'विटाळ विध्वंसन' या आपल्या लिखाणात त्यांनी धर्माच्या नावाने अस्पृश्यता पाळणाऱ्यांना एकामागून एक प्रश्न विचारले. माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो, याला आधार काय, असा त्या प्रश्नांचा रोख होता. दापोलीत त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' नावाची संस्था उभी केली. अस्पृश्य समाजातल्या माणसाने स्वतः लिहून, स्वतः संघटना करून आपल्या हक्काची मागणी करावी, ही त्या काळी नवीच गोष्ट होती.

दरवाजा बंद झाला

याच सुमारास एक संकट आले. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानी सैन्याचे सरसेनापती होते. हिंदुस्थानातल्या काही जाती-जमाती जन्मतःच लढवय्या आहेत आणि बाकीच्या नाहीत, असे त्यांचे मत होते. लढवय्ये म्हणजे मुख्यतः उत्तरेकडचे आणि सरहद्दीकडचे लोक. दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या पलटणींकडे ते कमी लेखून पाहत. या धोरणाचा सगळ्यात मोठा घाव महारांवर बसला. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांची सैन्यभरती बंद करण्यात आली.

या बंदीचा घरावर काय परिणाम झाला असेल, ते वाचकांनी जरा मनात आणून पाहावे. आजोबा शिपाई, वडील हवालदार आणि मुलगा भरतीच्या वयाचा. आजपर्यंत त्या घरात दरमहा पगार येत होता, मुले शाळेत जात होती, गावात थोडीफार प्रतिष्ठा मिळू लागली होती. एका हुकुमाने तो रस्ता बंद. मुलाला आता परत गावकीच्या कामावर जायचे. पगार गेला, त्याबरोबर शाळाही गेली, कारण शाळा पलटणीची होती.

गोपाळबाबांचे यात वैयक्तिक नुकसान काय होते? काहीच नाही. ते निवृत्त झालेले होते. त्यांची पेन्शन कोणी काढून घेत नव्हते. उलट सरकारविरुद्ध बोलण्यात पेन्शनरालाच धोका अधिक. ज्याच्या हाती काही आहे, त्यालाच ते जाण्याची भीती असते. तरीही त्यांनी लेखणी उचलली.

१८९४ चा अर्ज

१८९४ साली त्यांनी आपल्या मंडळीच्या वतीने मुंबई सैन्याच्या सरसेनापतींना उद्देशून एक अर्ज तयार केला. आमच्या लोकांनी सैन्यात इमानाने नोकरी केली आहे, त्यांना भरतीतून वगळणे अन्यायाचे आहे, तेव्हा ही बंदी उठवावी, असे त्यात मागणे होते. सुभेदार रामजींनीही या बंदीविरुद्धच्या खटपटीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत घेतली होती, असे बाबासाहेबांचे चरित्रकार नोंदवतात. म्हणजे दापोलीच्या पेन्शनरांमध्ये ही तळमळ एकट्यादुकट्याची नव्हती.

त्या अर्जात एक कमजोर जागाही होती आणि ती लपवण्याचे कारण नाही. आमचे पूर्वज मूळचे क्षत्रिय होते, जुन्या काळी पडलेल्या भीषण दुष्काळात मिळेल ते खावे लागल्याने ते खाली ढकलले गेले, असा युक्तिवाद त्यात केलेला होता. सरकार वंश पाहून माणसाला नोकरी देत होते, म्हणून अर्जदारानेही वंशाचाच दाखला पुढे केला. समोरच्याच्या भाषेत बोलल्याशिवाय समोरचा ऐकणार नाही, असे त्यांना वाटले असावे. आज आपल्याला ते पटणार नाही. माणसाची लायकी त्याच्या आजोबा-पणजोबांवरून ठरवायची नसते. पण 'विटाळ विध्वंसन' लिहिणाऱ्या माणसाला हे कळत नव्हते असे कसे म्हणावे? दार उघडावे म्हणून त्यांनी हाताशी असलेली किल्ली लावून पाहिली, एवढाच त्याचा अर्थ.

दार उघडले नाही. भरती बंदच राहिली.

१८९५ साली गोपाळबाबांची महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर सभासद म्हणून नेमणूक झाली. रस्ते, विहिरी, शाळा यांचा कारभार पाहणाऱ्या त्या मंडळात एक अस्पृश्य निवृत्त हवालदार आपल्या शेजारी बसणार, हे वरच्या जातींच्या सभासदांना रुचले नाही. वर्तमानपत्रांतून त्यावर बराच वाद झाला. ज्या माणसाने सैन्यात हवालदारकी केली, त्याने बोर्डाच्या बैठकीत कोठे बसावे यावर लोक भांडत होते. गोपाळबाबा मात्र मागे हटले नाहीत. १९०० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अर्जाला यश आलेले नव्हते.

अर्ज मेला नाही

माणूस गेला की त्याचे कागद चुलीत जातात, असे आपण पाहतो. या अर्जाचे तसे झाले नाही. त्यातली मागणी दुसऱ्यांनी उचलली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे हे स्वतः फौजी नव्हते. त्यांच्या पुढाकाराने १९१० साली दख्खनमधल्या महारांच्या परिषदेने थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. त्यातले मागणे साधे होते: आम्हाला मोठाले अधिकार नकोत, पोलिसात आणि सैन्यात शिपाई म्हणून तरी घ्या. सोळा वर्षांत मागणीचा सूर बदलला होता. आता सरकारच्या सामान्य प्रजेचा हक्क म्हणून ती पुढे येत होती.

पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली, तेव्हा सरकारला आपलेच धोरण बाजूला ठेवावे लागले. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. जे लोक लढायला लायक नाहीत म्हणून हाकलले होते, ते गरज पडताच लायक ठरले आणि गरज संपताच पुन्हा नालायक. या एका गोष्टीने लढवय्या जातींच्या सिद्धांताचा खोटेपणा उघडा पडला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांना यश येऊन बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. १८९४ चा अर्ज लिहून तेव्हा ४७ वर्षे झाली होती. पुढे या रेजिमेंटमध्ये देशातल्या अनेक जाती-धर्मांचे आणि प्रांतांचे जवान भरती होऊ लागले. एका समाजासाठी मागितलेला दरवाजा शेवटी सगळ्यांसाठी उघडला.

महाड, पेन्शनर आणि फत्तेखान

ही कथा आपल्या घरातल्या वाचकांना सांगण्याचे आणखी एक कारण आहे. ते महाडचे.

गोपाळबाबांच्या निधनानंतर २७ वर्षांनी, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी, त्यांच्याच महाड तालुक्याच्या गावी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे खुले होते, प्रत्यक्षात पाण्याला हात लावण्याची हिंमत कोणाची नव्हती.

परिषदेच्या भाषणात बाबासाहेबांनी दापोलीच्या पेन्शनरांच्या पिढीची आठवण काढली. सैन्याने या समाजाला शिक्षण दिले, अधिकाराची जागा दिली, आणि भरतीबंदीने ती वाट बंद करून समाजाला मागे लोटले, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. गोपाळबाबांचा विषय तीस वर्षांनंतर पुन्हा महाडात बोलला जात होता. २० मार्चला हजारो लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परत जाणाऱ्या लोकांवर गावात हल्ले झाले. मार खाल्लेल्या काही जणांनी महाडच्या मुसलमान घरांत आसरा घेतला आणि त्या घरांनी तो दिला. परिषदेला आलेल्यांत निवृत्त फौजीही होते. बाबासाहेबांनी लोकांना शांत राहण्यास सांगितले आणि लोक शांत राहिले. हात उगारण्याची ताकद असताना हात आवरणे, हीही शिस्तच आहे.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडात दुसरी परिषद ठरली, तेव्हा मंडपासाठी कोणी जागा द्यायला तयार होईना. त्या वेळी फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या जमिनीवर मंडप पडला आणि तिथे ती ऐतिहासिक परिषद भरली. पुढे तळ्याचा दावा कोर्टात दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

फत्तेखान यांनी भाषण केल्याचे कोणी सांगत नाही. त्यांनी जागा दिली. शेजाऱ्याचा हक्क काय असतो, हे आपण मशिदीत आणि घरात ऐकत आलो आहोत. महाडात एका माणसाने तो हक्क जमीन देऊन पाळला. हक्काच्या लढाईत प्रत्येकाला पुढे उभे राहता येत नाही, पण प्रत्येकाकडे देण्यासारखे काहीतरी असते. हवालदाराकडे लेखणी होती, फत्तेखान यांच्याकडे जमीन होती.

आज मेजरने गावासाठी काय करावे?

आता परत इंझोरीकडे येऊ. इंझोरीसारख्या गावातून तालुक्याचे काम म्हणजे मानोरा आणि जिल्ह्याचे काम म्हणजे वाशीम. एका कागदासाठी एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे जाते. तिथे गेल्यावर एक झेरॉक्स कमी निघाली की पुन्हा दुसरा फेरा. जो माणूस एकदा जाऊन वाट पाहून आला आहे, त्याने बाकीच्यांना नीट सांगितले तर किती घरांचे किती दिवस वाचतील!

निवृत्त सैनिकांच्या घरांत ज्या अडचणी वारंवार येतात, त्यातल्या काही इथे सांगतो.

पहिली अडचण नावाची. नोकरीच्या नोंदीत बायकोचे नाव एक, आधारकार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. आपल्या घरांत तर ही अडचण जास्तच. कोठे 'बी' लागते, कोठे 'बेगम', कोठे 'खातून', माहेरचे नाव वेगळे आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे. नवरा हयात असतो तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की विधवा खिडकीसमोर उभी राहते आणि तिला सांगितले जाते की कागदावरची बाई तुम्ही नाही. म्हणून लग्न आणि मुलांचे जन्म यांची नोंद सैनिकाच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये झाली आहे ना, पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, हे तो हयात असतानाच तपासावे. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्यानेच करावा. नवऱ्याची एक सही आज जे काम करील, त्यासाठी उद्या बायकोला दहा दाखले द्यावे लागतील.

दुसरी गोष्ट हयातीच्या दाखल्याची. पेन्शनराने आणि कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेने दरवर्षी आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. आता संरक्षण खात्याची पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून दिली जाते आणि दाखला मोबाइलवरूनही देता येतो. पण ज्या आजीला मोबाइल फक्त उचलता येतो, तिची पेन्शन एका दाखल्यापायी अडते. मोहल्ल्यातल्या मेजरने वर्षातून एक दिवस ठरवून अशा सगळ्यांचे दाखले भरून दिले, तर त्याचे पुण्य लहान नाही.

तिसरी गोष्ट मुलींची. सैनिक आणि त्याची पत्नी दोघेही गेल्यावर पेन्शन संपली, असे बहुतेक घरे समजतात. अपंग मुलाला, तसेच आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या अविवाहित, विधवा किंवा तलाक झालेल्या मुलीला काही अटींवर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माहेरी परतलेल्या मुलीला भावावर ओझे समजले जाते. कदाचित तिच्या अब्बांच्या नोकरीतून तिचा स्वतःचा हक्क निघत असेल. तो विचारून पाहायला हवा.

चौथी गोष्ट पेन्शन नसलेल्यांची. पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी घरी परतलेल्या शिपायाला सहसा पेन्शन नसते. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरील अशा गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून आर्थिक मदतीची योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करायचा असतो. त्याच कार्यालयात मुलांच्या शिक्षणाच्या आणि मुलीच्या लग्नाच्या मदतीचीही माहिती मिळते. दरवर्षी ७ डिसेंबरला जो ध्वजदिन निधी गोळा होतो, तो अशाच कामांसाठी असतो. हा दिवस १९४९ पासून पाळला जातो.

दवाखान्यासाठी २००३ साली सुरू झालेली माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे. अन्याय झाला आणि अर्ज-विनंत्या संपल्या, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र बल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. 'समान हुद्दा, समान पेन्शन' ही मागणी निवृत्त सैनिकांनी कित्येक वर्षे लावून धरली. २०१५ साली तिचा आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून ती लागू धरली गेली. म्हातारी माणसे दिल्लीच्या जंतर-मंतरवर उन्हातान्हात बसून राहिली, म्हणून ते झाले. मागितल्याशिवाय मिळत नाही आणि एकदा मागून भागत नाही, हा धडा गोपाळबाबांच्या काळी होता तोच आहे.

धामूपूरच्या रसूलनबी

हे काम पुरुषांनीच करावे असेही नाही. उत्तर प्रदेशातल्या गाजीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे हवालदार अब्दुल हमीद १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर शत्रूचे रणगाडे उडवताना शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या पत्नी रसूलन बीबी त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगल्या. खेड्यातली ही बाई राष्ट्रपतींपर्यंत गेली आणि गावात सैन्यभरतीचे केंद्र व्हावे, नवऱ्याच्या शहादतीचा दिवस नीट साजरा व्हावा, अशा मागण्या त्यांनी मांडल्या. २०१७ साली त्यांच्या आग्रहावरून लष्करप्रमुख स्वतः धामूपूरला आले. २०१९ साली त्यांचे निधन झाले. नवऱ्याच्या नावाने स्वतःसाठी मागून त्या थांबल्या नाहीत. गावातल्या पोरांना भरतीची वाट सोपी व्हावी, हेही त्यांनी मागितले. दापोलीच्या हवालदारांचे मागणे तरी वेगळे काय होते?

पुढचा प्रश्न

आता एक नवीन पिढी घरी परतणार आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तरुण चार वर्षांसाठी भरती होतात. त्यांपैकी चौथा हिस्सा पुढे कायम होईल आणि बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन घरी येतील, अशी ती योजना आहे. घोषणेच्या वेळी ही रक्कम सुमारे ११.७१ लाख रुपये सांगितली गेली. त्यांना पेन्शन नाही. एकवीस ते सत्तावीस वयाची ही पोरे गावात येतील, तेव्हा लोक त्यांनाही 'मेजर'च म्हणतील. पण जुन्या मेजरकडे पेन्शन आहे, दवाखान्याचे कार्ड आहे, संघटना आहे. नव्या पोराकडे यातले काय असेल?

योजना बरी की वाईट, यावर मते वेगळी असू शकतात. पण या पोरांना पुढे पोलिसात, राखीव दलांत, कारखान्यात जागा मिळावी, त्यांचे शिक्षण पुरे व्हावे, मिळालेली रक्कम लग्नात आणि मोटारसायकलीत उडू नये, यासाठी कोणीतरी त्यांच्या पाठीशी उभे राहायला हवे. ते काम ज्यांची स्वतःची पेन्शन पक्की आहे, त्या जुन्या सैनिकांचेच आहे. १८९४ साली एका पेन्शनर हवालदाराने हेच केले होते. त्याचे स्वतःचे काही जात नव्हते आणि तरीही तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी अर्ज लिहायला बसला.

आजच्या आज

वाचकहो, तुमच्या घरात, शेजारी किंवा नात्यात निवृत्त फौजी असेल तर त्याच्याकडून युद्धाच्या गोष्टी जरूर ऐका. त्यानंतर पेटीतले कागद बाहेर काढायला सांगा. अम्मीचे नाव सगळीकडे एकसारखे आहे का, ते मुलांनी बसून पाहावे. गावात कोणत्या शहीद जवानाची बायको किंवा आई एकटी राहते, कोणत्या म्हाताऱ्या शिपायाला पेन्शन नाही, याची एक वही करावी. वहीत नाव, नंबर, कोणता कागद कमी आहे आणि अर्ज कोणत्या तारखेला केला, एवढे लिहिले तरी पुरे. ही वही सांभाळायला मोठी संस्था लागत नाही, बिल्ला आणि पाटी लागत नाही. वेळ पाळणारा, लिहिता-वाचता येणारा आणि न चिडता पुन्हा पुन्हा खेटे घालणारा एक माणूस लागतो. असा माणूस घडवण्यासाठी सरकारने पंधरा वर्षे खर्च केलेली असतात. तो आपल्याच गल्लीत राहतो.

गोपाळबाबांना अर्जाचे फळ दिसले नाही. ते दिसावे म्हणून त्यांनी तो लिहिलाही नसेल. अमानत ज्याची त्याला पोहोचवणे हे फर्ज आहे. आपल्या हातून पोहोचली नाही तर पुढच्याच्या हातात द्यावी, म्हणजे ती वाटेत हरवत नाही. महाड ते बेळगाव हा प्रवास ४७ वर्षांचा होता. इंझोरी ते वाशीम हे अंतर त्यापुढे काहीच नाही.